आलिसबाईंचं देणं

माझ्यावर ज्यांचे उपकार आहेत अशी माणसं आठवायला बसले तर बहुतेक सगळी कोल्हापुरातली नाहीतर पुण्यातली निघतील. शाळेतल्या मराठीच्या बाई, मला पहिल्यांदा सेटवर घेऊन गेलेले काका, रात्रीच्या शिफ्टला न चुकता डबा पाठवणाऱ्या शेजारच्या वहिनी. यांच्यात एक बाई मात्र अशा आहेत की ज्यांना मी कधी पाहिलं नाही, ज्यांची भाषा मला येत नाही, आणि मी अक्षरं गिरवायला लागले त्याच्या आधीच ज्या गेल्या. आलिस गी. लग्नानंतर आलिस गी-ब्लाशे. पॅरिसला लागून असलेल्या सां-मांदेत 1 जुलै 1873 ला जन्म, अमेरिकेत न्यू जर्सीला 24 मार्च 1968 ला मृत्यू. मी मनातल्या मनात त्यांना आलिसबाई म्हणते, इथेही तसंच म्हणेन.

मी सिनेमात कंटिन्युइटी लिहिते. नायिकेचा पदर कुठल्या खांद्यावर होता, कप उजव्या हातात होता की डाव्या, मंगळसूत्र आत होतं की बाहेर, कुठला टेक ओके आणि कुठला एनजी म्हणजे बाद, हे टिपून ठेवायचं काम. नीट झालं तर ते कुणाच्या लक्षात येत नाही, आणि येऊही नये. या कामात बऱ्यापैकी मुरल्यावर मी पुण्याला फिल्म इन्स्टिट्यूट आणि फिल्म अर्काइव्हच्या रसास्वाद अभ्यासक्रमाला गेले. मूकपटांवरच्या तासाला मेलिएस दाखवले, ल्युमिएर बंधू दाखवले, आणि मग सरांनी फारसं काही न सांगता एक बारा-एक मिनिटांचा पट लावला. 'फॉलिंग लीव्ह्ज', 1912.

गोष्ट साधी आहे. घरात मोठ्या बहिणीला क्षय झालाय. डॉक्टर आईला सांगतात, झाडावरचं शेवटचं पान गळेल तोवर ही जाईल. धाकटी ट्रिक्सी ते ऐकते. रात्री सगळे झोपल्यावर ती पोर रात्रीच्या झग्यातच बागेत जाते आणि गळालेली पानं दोऱ्याने पुन्हा फांद्यांना बांधायला लागते. तेवढ्यात रस्त्याने एक डॉक्टर जात असतो, त्याने या रोगावर नवा उपाय शोधलेला असतो, तो थांबून तिला विचारतो, आणि बहीण वाचते. आजच्या कुणा लेखकाने हा योगायोग लिहिला असता तर मी नाक मुरडलं असतं. पण माझी नजर खिळली होती ती पोरीच्या हातांवर. मॅग्डा फॉय नावाची ती बालनटी पान उचलते, दोरा गुंडाळते, गाठ मारते आणि दुसऱ्या पानाकडे वळते. कॅमेऱ्याकडे बघत नाही, रडून दाखवत नाही, छातीवर हात ठेवत नाही. तिला काम आहे आणि ते तिला उजाडायच्या आत उरकायचंय, एवढंच. त्या काळच्या पडद्यावर माणसं दुःख झालं की हात आभाळाला लावायची. या मुलीला कुणीतरी सांगितलं होतं की तू फक्त गाठी मार. ते सांगणारं माणूस कोण, हे मी तास संपल्यावर सरांना विचारलं, आणि तिथून आलिसबाई माझ्या आयुष्यात आल्या.

पुढे एका मैत्रिणीने त्यांच्या आत्मचरित्राच्या इंग्रजी भाषांतराची झेरॉक्स दिली. ती अजून माझ्याकडे आहे.

आलिसबाईंचं लहानपण तीन देशांत विभागलेलं. वडील चिलीत पुस्तकांचा धंदा करायचे. मूल मात्र फ्रान्समध्ये जन्मावं म्हणून आई एवढा समुद्र ओलांडून आली आणि लेकीला आजीकडे स्वित्झर्लंडला ठेवून परत गेली. पुढे काही काळ चिली, मग फ्रान्सला परत, नन्सची निवासी शाळा. धंदा बुडाला, वडील गेले, आणि विशीच्या आतच आई आणि आपण अशी दोघींची चूल पेटती ठेवायची वेळ आली. त्यांनी टायपिंग आणि लघुलेखन शिकून घेतलं. 1894 मध्ये पॅरिसला फोटोच्या सामानाच्या एका कंपनीत सेक्रेटरीची जागा होती, तिथे मुलाखतीला गेल्या. मुलाखत घेणारे लेआँ गोमाँ म्हणाले, तुमचं वय फार कमी आहे. बाईंनी उत्तर दिलं की तो दोष आपोआप जाईल. नोकरी मिळाली. पुढच्याच वर्षी गोमाँनी ती कंपनी भागीदारांना घेऊन विकत घेतली, भागीदारांत मनोरेवाले गुस्ताव्ह आयफेलही होते.

22 मार्च 1895 ला ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये निवडक मंडळींपुढे आपलं यंत्र चालवून दाखवलं. गोमाँबरोबर आलिसबाईही हजर होत्या. कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार भिंतीवरच्या कापडावर चालायला लागलेले त्यांनी पाहिले. सगळे यंत्राचं कौतुक करत होते. बाईंच्या मनात आलं ते निराळंच. वडिलांच्या दुकानातल्या गोष्टींच्या पुस्तकांत वाढलेली ती मुलगी. या यंत्राने गोष्ट सांगता येईल, असं तिला वाटलं. तिने गोमाँना विचारलं, मैत्रिणींना घेऊन एक-दोन प्रसंग करून बघू का? परवानगी मिळाली, अट एकच: पत्रव्यवहाराचं काम मागे पडता कामा नये.

त्यातून 'ला फे ओ शू' झाला, कोबीची परी. फ्रान्समध्ये मुलांना सांगतात की बाळं कोबीच्या गड्ड्यात सापडतात. परी नाचत येते आणि एकेका कोबीमागून बाळ काढून आपल्यापुढे ठेवते. मिनिटभराचा खेळ. बाई शेवटपर्यंत सांगत राहिल्या की हा 1896 चा, आणि आज जी प्रत बघायला मिळते ती 1900 ची मानतात, म्हणून अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे. मला त्या वादापेक्षा ती अट मोलाची वाटते. पत्रं टाइप करून झाल्यावर उरलेल्या वेळात एका तेवीस वर्षांच्या मुलीने नवी कला हातात घेतली. जगातली पहिली दिग्दर्शिका ती अशी झाली. काही वर्षांतच गोमाँ कंपनीची सगळी चित्रनिर्मिती त्यांच्याकडे आली आणि 1907 पर्यंत त्यांच्याकडेच राहिली. पुढे 'फाँतोमास'ने नाव कमावणाऱ्या लुई फेयाडला कंपनीत पटकथा लिहायला आणलं ते त्यांनीच.

यानंतरची एक फिल्म मी इतक्यांदा पाहिली आहे की तिची कंटिन्युइटी मला तोंडपाठ आहे. कोणीतरी 1905 च्या सुमाराला आलिसबाईंचंच काम चित्रित करून ठेवलंय. पॅरिसच्या ब्यूत-शोमाँ भागातला गोमाँचा भलामोठा स्टुडिओ. वेशभूषेतले नट-नट्या उभे आहेत, पलीकडे दोन प्रचंड कर्णे लावलेलं यंत्र आहे, आणि या सगळ्यात लांब घेरदार झग्यातल्या एक बाई फिरताहेत, माणसांना जागा दाखवताहेत, मग कॅमेऱ्याजवळ येऊन उभ्या राहतात. ते कर्णे म्हणजे गोमाँचा क्रोनोफोन. गाणं आधी ध्वनिमुद्रित करायचं, मग शूटिंगला ते वाजवायचं आणि नटाने त्याबरोबर ओठ हलवायचे. असे शंभरावर गाणी-प्रसंग बाईंनी केले. आमच्या सेटवर गाणं असलं की 'नागरा लाव' अशी आरोळी उठायची; नागरा म्हणजे गाणं वाजवायचं टेपयंत्र. आता नागरा गेला, स्पीकर आले, पण ओठ अजून तसेच हलतात. ही रीत बोलपटाबरोबर आली असं मी समजत होते. तिचा एक धागा मूकपटाच्या ऐन जमान्यात, झगा सावरत उभ्या असलेल्या या बाईपर्यंत जातो हे कळल्यापासून गाण्याच्या शूटिंगला मला वेगळाच हुरूप येतो.

त्यांच्या फ्रान्समधल्या पटांतला 'मादाम आ देझांव्ही' मला फार आवडतो. 1906 चा. दिवस गेलेली बाई नवऱ्याबरोबर बाहेर पडली आहे, नवरा बाळाची गाडी ढकलतोय. तिला डोहाळे आवरत नाहीत. कुणा पोरीच्या हातचा चोखायचा गोड तुकडा हिसकावते, कुणाचा मद्याचा पेला उचलते, कुणाचा मासा, कुणाची चिलीम. प्रत्येक चोरीनंतर कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ जातो आणि ती तो घास डोळे मिटून चवीने खाते. चेहरा जवळून दाखवण्याची सवय अजून पडद्याला लागायची होती. बाईंनी तो जवळ आणला तो डोहाळ्यांसाठी. डोहाळजेवणाचे गोडवे गाणाऱ्या आपल्या समाजाला ही नायिका लगेच कळेल. त्याच वर्षी त्यांनी 25 प्रवेशांचा आणि तीनेकशे माणसांचा ताफा असलेला ख्रिस्तचरित्राचा मोठा पटही केला. ख्रिस्तावरचे पट तेव्हा अनेक कंपन्या काढत होत्या. दादासाहेब फाळक्यांनी गिरगावात जो ख्रिस्तपट पाहिला तो हाच, असा दावा मी करणार नाही. पुराव्याशिवाय श्रेय वाटायचं नाही, हे मी बाईंकडूनच शिकले.

1907 मध्ये हर्बर्ट ब्लाशेंशी लग्न झालं आणि दोघं अमेरिकेला गेली. 1908 मध्ये मुलगी झाली, सिमोन. घरात बसून राहणं बाईंना जमण्यासारखं नव्हतं. 1910 मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली, सोलॅक्स, बोधचिन्ह उगवता सूर्य. 1912 मध्ये न्यू जर्सीतल्या फोर्ट ली इथे लाखावर डॉलर घालून स्वतःचा स्टुडिओ बांधला. मुलगा रेजिनाल्ड त्याच वर्षीचा. पोटात मूल, हाती बांधकाम, आणि आठवड्याला नवे पट पडद्यावर. स्टुडिओत मोठ्या अक्षरांत पाटी लावली होती: 'बी नॅचरल'. ट्रिक्सीच्या हातातल्या दोऱ्याचं मूळ मला तिथे सापडलं.

त्याच वर्षी त्यांनी 'अ फूल अँड हिज मनी' केला. गोऱ्या नटांनी काळ्या नटांबरोबर काम करायला नकार दिला, तर बाईंनी सगळ्या भूमिका काळ्या कलाकारांना दिल्या. संपूर्ण संच काळ्या कलाकारांचा असलेला, आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना कथापट म्हणून तो ओळखला जातो. त्यातला विनोद आज डोळ्यांना खुपतो आणि तो खुपायलाच हवा. पण काम थांबवायचं नाही हा निर्णयही त्यातच आहे. 1914 मध्ये एका अमेरिकी चित्रपट-साप्ताहिकात त्यांनी लेख लिहिला आणि ठणकावून सांगितलं की पट उभा करण्यातलं असं एकही काम नाही जे बाईला पुरुषाइतकं सहज जमणार नाही.

याच 1912-13 मध्ये इकडे दादरला फाळके 'राजा हरिश्चंद्र' उभा करत होते. तारामती करायला बाई मिळेना, म्हणून साळुंके नावाच्या पुरुषाने ती भूमिका केली, हे सगळ्यांना माहीत असतं. सरस्वतीबाई फाळके मात्र त्या हिशेबात धरल्या जात नाहीत. कच्च्या फिल्मला कडेने भोकं पाडायची, रसायनं कालवायची, उन्हात पांढरी चादर धरून उजेड परतवायचा, आणि शिवाय सगळ्या मंडळींना रांधून वाढायचं. हे सगळं करणाऱ्या त्या आपल्या सिनेमाच्या पहिल्या तंत्रज्ञ होत. मला सरस्वतीबाई नीट दिसायला लागल्या त्या आलिसबाईंमुळे. आधी दूरची बाई दिसली, मग तिच्या उजेडात घरातली.

उतरण लवकर आली. चित्रधंदा पूर्वेकडून कॅलिफोर्नियाला सरकला. हर्बर्ट 1918 मध्ये एका नटीबरोबर हॉलिवूडला निघून गेले. बाई फ्लूच्या साथीत सापडल्या, मरता मरता वाचल्या. शेवटचा पट 1920 चा, 'टार्निश्ड रेप्युटेशन्स'. मग स्टुडिओचा लिलाव, घटस्फोट, आणि 1922 मध्ये दोन मुलांना घेऊन फ्रान्सला परत. वय एकोणपन्नास, गाठीला पाव शतकाचा अनुभव. फ्रान्समध्ये त्यांना एकाही कंपनीने काम दिलं नाही. आपण काय केलं हे दाखवायला हातात एक रीळही नव्हतं. 1927 मध्ये त्या पुन्हा अमेरिकेला गेल्या, वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आपले पट शोधले. एकही मिळाला नाही. पोट भरायला मुलांच्या गोष्टी लिहिल्या, दुसऱ्यांच्या सिनेमांच्या कथा मासिकांसाठी उतरवून दिल्या.

नंतरचा भाग माझ्या कामाचा. गोमाँ कंपनीचा इतिहास लिहिला गेला, त्यात 1907 च्या आधीचं बाईंचं कामच नव्हतं. बाईंनी खुद्द गोमाँना पत्र लिहिलं. त्यांनी दुरुस्तीचं कबूल केलं. 1946 मध्ये गोमाँ वारले, दुरुस्ती छापली गेली नाही. जॉर्ज सादूल यांच्यासारख्या नावाजलेल्या इतिहासकाराच्या ग्रंथात ख्रिस्तपट बाईंचे साहाय्यक व्हिक्टोरँ जास्से यांच्या नावावर गेला. बाईंनी सादूलनाही लिहिलं. सत्तरीच्या घरातल्या या बाईने मग आपल्या पटांची यादी करायला घेतली. मूळ रीळ नाही, कागद नाहीत. आठवणीतून नावं, साल, कोण नट, कोण कॅमेऱ्यावर, कुणी पडदे रंगवले. मुलगी सिमोन वकिलातीत नोकरी करून घर चालवत होती आणि आई ओळी वाढवत होती. यादी करताना बाईंनी सहकाऱ्यांची नावं घातली, जास्सेचंही घातलं. ज्याच्या नावावर त्यांचं काम गेलं होतं त्याचं त्याच्या वाटणीचं श्रेय त्यांनी कापलं नाही. हा भाग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा झेरॉक्स बाजूला ठेवून मी बराच वेळ खिडकीत उभी होते.

कारण मलाही ठेच ताजी होती. एका चित्रपटाच्या नामावलीत माझं नाव आलं नव्हतं. दिवसरात्र काम केलेल्या ड्रेसवाल्या दोघांचं, हेअर करणाऱ्या ताईंचंही आलं नव्हतं. मी कुढत होते, आणि कुढण्यापलीकडे काही करत नव्हते. आलिसबाईंनी मला कुढण्याच्या जागी वही दिली. त्या दिवसापासून कंटिन्युइटी शीटच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी त्या दिवशी सेटवर असलेल्या प्रत्येकाचं नाव आणि काम लिहिते. लाइटवाले, जनरेटरवाला, स्पॉटदादा, घागऱ्याला ऐन वेळी चुण्या घालून देणाऱ्या मावशी. पूर्ण नाव, आडनावासकट. नामावली करायची वेळ आली की ती यादी मी निर्मात्यापुढे ठेवते. 'सहकार्य' या एका शब्दाखाली वीस माणसं गाडली जातात ती त्यामुळे अलीकडे वर येतात. माझ्या यादीमुळे पडद्यावर पहिल्यांदा आपलं नाव वाचलेल्या एका लाइटदादांनी तिसऱ्या खेळाला बायको, आई आणि शेजारी असे सगळे आणले होते. शेवटची पाटी सरकेपर्यंत कुणी उठलं नाही.

कोल्हापूरला माहेरी गेले की याच वहीसाठी मी जुन्या माणसांकडे जाऊन बसते. स्टुडिओत कपडे शिवलेले एक मामा आहेत. दृष्टी गेलीय, पण जुना स्टिल त्यांच्या सुनेने वर्णन करून सांगितला की ते बोलायला लागतात. 'राणीच्या मागं कोण उभा हाय? उंच हाय का? मग तो आपल्या गल्लीतला. अन् ते जरीकाठाचं काम माझं न्हवं, माझ्या गुरूंचं. त्यांचं नाव आधी लिही.' शहाऐंशी वर्षांच्या त्या मामांनी आलिस गीचं नाव ऐकलेलं नाही. दोघांची रीत मात्र एकच.

आलिसबाईंच्या बाजूने दिवस फिरले ते उशिरा. पन्नासच्या दशकात फ्रान्सने लिजन ऑफ ऑनर दिला, 1957 मध्ये पॅरिसच्या सिनेमाथेकने गौरव केला. आत्मचरित्र छापायला मात्र हयातीत प्रकाशक मिळाला नाही. ते 1976 मध्ये आलं, त्या गेल्यावर आठ वर्षांनी. हजाराच्या आसपास पटांना त्यांचा हात लागला होता, त्यांतले दीडशेच्या आसपास आजवर जगभरच्या संग्रहांतून सापडले आहेत. ते सापडल्यावर ओळखता आले याचं मोठं श्रेय त्यांच्या पत्रांना आणि त्या यादीला. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनाला सीन नदीकाठी फ्रान्सच्या दहा कर्तबगार स्त्रियांचे सोनेरी पुतळे वर आले, त्यांत आलिस गी होत्या. टीव्हीसमोर मी एकटीच होते आणि उभं राहून टाळ्या वाजवल्या.

हे देणं फिटायचं नाही. पण त्यातलं थोडं तुमच्याकडून वळतं करून घ्यावं असं मनात आहे. तुमच्या घरात, वाड्यात, कॉलनीत कोल्हापूर-पुणे-मुंबईच्या स्टुडिओत काम केलेलं कुणी असेल, अगदी पडदे रंगवलेलं किंवा चहा पोचवलेलं, तर येत्या रविवारी त्यांच्याकडे जाऊन बसा. जुने फोटो बाहेर काढा. कोण कोण आहे ते विचारा आणि फोटोच्या मागे डावीकडून उजवीकडे पूर्ण नावं आणि कामं लिहा. पेन्सिलीने लिहा, शाई पुढच्या बाजूला उमटते.